न मोजलेला कोन

माझ्या तोंडून ही गोष्ट कधी बाहेर पडलेली नाही. तशी माझ्या तोंडून फारसं काहीच बाहेर पडत नाही. आई वैतागून म्हणते, हिला बोलतं करण्यापेक्षा बंद पडलेला रेडिओ दुरुस्त करणं सोपं. पण गप्प राहणं वेगळं आणि लपवणं वेगळं. हे मी लपवलं. अडीच वर्षं झाली. आता लिहिते आहे, कारण लिहिताना कुणी माझ्या चेहऱ्याकडे बघत नाही — तुम्हीसुद्धा नाही.

गोष्ट एका त्रिकोणाची आहे. ऐकून हसू येईल. त्रिकोणात लपवण्यासारखं काय असणार?

थोडं मागून सांगते. (टाळते आहे का? हो, थोडी टाळतेच आहे.) माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, वहीत इंग्रजी. तीन भाषा येतात आणि तिन्हींत बोलायला मला भीती वाटते. इंदूरला इंजिनिअरिंग केलं, बुऱ्हाणपूरला परत आले आणि राजपुऱ्यातल्या आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवरच्या मुलींच्या एका शाळेत गणित शिकवायला लागले. पहिल्या दिवशी फळ्याकडे तोंड करून मी अख्खा तास काढला. तिसऱ्या बाकापलीकडे माझा आवाजच जात नव्हता. मागून कुणीतरी म्हणालं, "मैडम, वॉल्यूम बढ़ाओ," आणि वर्ग हसला. त्यात वाईट काही नव्हतं, मुली होत्या त्या. पण मी घरी येऊन जेवले नाही.

मग मला प्रोजेक्टर सापडला. शाळेत तो होता, पंधरा ऑगस्टला बाहेर निघायचा आणि परत कपाटात जायचा. मी लॅपटॉपवर हलणारी चित्रं बनवायला लागले. एक वर्तुळ जमिनीवरून गडगडत जातं आणि त्याचा परीघ मागे रेघेसारखा उलगडत जातो. एक रेघ, तिचा चढ बोटाने कमीजास्त करता येतो, आणि समीकरणातला आकडा सोबत बदलतो. मुलींनी स्वतः पुढे यायचं, माउस धरायचा, ओढायचं, बघायचं. मी फक्त म्हणायचं, "ओढून बघ. काय बदललं? काय नाही बदललं?"

वर्ग गप्प झाला. अंधारात सगळ्यांचे डोळे भिंतीवर. माझ्यावर कुणाचेच नाहीत. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणते आहे? सगळ्यांना वाटलं मॅडमनी मुलींसाठी केवढी मेहनत घेतली. मेहनत घेतली, खोटं नाही. पण ती भिंत मी आधी माझ्यासाठी उजळली होती. मला तिच्या मागे उभं राहता येत होतं.

आणि एक राग होता. तो खरा होता, अजून आहे. आमच्याकडे गणित म्हणजे 'याद कर लो'. सूत्र याद करा, पायऱ्या याद करा, पेपरात उतरवा. शेजारच्या वर्गातून दिवसभर तेच ऐकू यायचं, एका सुरात. मुलीने 'असं का' विचारलं तर उत्तर — परीक्षेत 'असं का' येणार आहे का? मी ठरवलं होतं, माझ्या वर्गात कुणी काही पाठ करणार नाही. डोळ्यांनी बघेल, हाताने हलवेल आणि मग मानेल. हे मी स्टाफरूममध्ये एकदा बोललेसुद्धा. बोलले म्हणजे बघा किती वाटत असेल.

आता त्रिकोण.

दहावीच्या उजळणीसाठी मी तो केला. मागे चौकटींचा कागद. खाली सहा चौकटींचा पाया, पक्का. वरचा बिंदू हवा तिथे ओढायचा. तिन्ही कोपऱ्यांत कोनांचे आकडे, आणि खाली मोठ्या अक्षरांत त्यांची बेरीज. त्रिकोण कसाही वेडावाकडा करा, बेरीज एकशे ऐंशीच. मुलींनी शंभरदा ओढावं, शंभरदा तेच यावं, आणि शेवटी त्यांनीच म्हणावं, मॅडम, हे बदलतच नाही. केवढं सुंदर वाटलं होतं मला ते.

पहिल्याच वर्गात एका मुलीने बिंदू ओढला आणि खाली आलं एकशे एकोणऐंशी.

"मैडम, एक डिग्री कौन खा गया?"

चूक साधी होती. मी आकडे पूर्णांकात दाखवत होते. त्रेसष्टच्या पुढे थोडं, त्रेसष्टच्या पुढे थोडं, त्रेपन्नच्या पुढे थोडं — तिन्हींचं 'थोडं' कापलं गेलं आणि एक अंश गळाला. हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. खरं तर केवढा चांगला तास झाला असता. पण सगळ्या मुली भिंतीवरून नजर काढून माझ्याकडे बघत होत्या, आणि माझे कान गरम झाले होते. मी म्हणाले, "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, उद्या ठीक करते."

घरी येऊन ठीक केलं. एका ओळीत. डावा कोन मोजायचा, वरचा मोजायचा, आणि उजवा — उजवा मोजायचाच नाही. एकशे ऐंशीतून दोघांना वजा करायचं आणि उरेल ते तिथे लिहायचं.

हे किती वाईट आहे ते गणित न आवडणाऱ्यालाही कळेल. जे मुलींनी शोधून काढायचं होतं तेच मी आत भरून ठेवलं. आता बेरीज एकशे ऐंशी येणारच, दुसरं काही येऊच शकत नाही. मुली बिंदू ओढत होत्या, मान डोलवत होत्या, आणि मी त्यांना फसवत होते. 'याद कर लो' म्हणणारे निदान तोंडावर तरी सांगतात, की आम्ही म्हणतो म्हणून माना.

एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. एका अंशाची लबाडी. ती माझी मीच पचवली असती.

हर्षाली नावाची मुलगी होती. शाहपूरकडची, रोज बसने यायची. घरची केळीची शेती. चौथ्या बाकावर खिडकीशी बसायची आणि वर्गात जवळजवळ बोलायची नाही. मला वाटायचं, ही माझ्यासारखी आहे. म्हणून मी तिला कधी उठवून प्रश्न विचारला नाही. तो माझा तिच्यावरचा उपकार, असं मी समजत होते.

त्या दिवशी ती आपण होऊन पुढे आली. माउस घेतला आणि बिंदू बरोबर मधोमध नेला. इकडून तीन चौकटी, तिकडून तीन, वर सहा. मग हात थांबला. डावीकडे त्रेसष्ट होतं, उजवीकडे चौसष्ट.

ती भिंतीजवळ गेली. ओढणीचं एक टोक डाव्या कोपऱ्यावर दाबलं, ओढणी ताणून वरच्या बिंदूपर्यंत नेली, तिथे चिमटीत धरली, आणि तीच चिमूट उजव्या बाजूवर लावून बघितली. घरी केळी लावताना दोन झाडांतलं अंतर ती अशीच दोरी ताणून धरते, एक टोक बापाचं, दुसरं तिचं — हे तिनेच मला नंतर सांगितलं. त्या दिवशी वर्गाला मात्र एवढंच दिसलं, की हर्षाली भिंतीला ओढणी लावते आहे.

"अरे, केले का खेत नाप रही है," कुणीतरी म्हणालं. "पाइप भी बिछा दे." हशा पिकला.

ती हसली नाही. वळून मला म्हणाली, "मॅडम, दोन्ही बाजू बरोबर हायेत, एकसारख्या. मग कोन अलग कसे?"

तुम्हाला सांगू? मला तेव्हाच अभिमान वाटला होता. त्याच क्षणी. पूर्ण वर्गात एकटीने डोळ्यांनी बघितलं, हाताने मोजलं आणि मानलं नाही. जे मला हवं होतं ते माझ्यासमोर ओढणी हातात धरून उभं होतं.

मी म्हणाले, "प्रोजेक्टर तिरका लागलाय. भिंतीवर मोजायचं नसतं. बस जागेवर."

मागच्या बाकावर प्राचार्य बसले होते, किंवा बाहेरून कुणी बघायला आलं होतं, असं इथे लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. कुणी नव्हतं. पंखा होता, अठ्ठेचाळीस मुली होत्या, आणि मी होते. मला हटकणारं तिथे कुणीच नव्हतं, तिच्याशिवाय.

ती बसली. मला वाटलं, संपलं.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. मी त्या दिवशी संगणकाच्या खोलीत एकटीच डबा उघडून बसले होते. तिने शिपाईकाकांना विचारून तिथल्याच एका संगणकावर मी उजळणीसाठी टाकून ठेवलेला त्रिकोण उघडला होता — का, तर तिथे प्रोजेक्टर नाही, म्हणजे तिरका असण्याचा प्रश्नच नाही. दोन दिवस सुट्टीत जेवण सोडून तिने ते केलं. वहीत चौकटी आखल्या होत्या. प्रत्येक त्रिकोणाशेजारी त्याचा आरशातला जोडीदार. बिंदू डावीकडून दोन चौकटींवर, तर जोडीला उजवीकडून दोन चौकटींवर. आकडे फक्त जागा बदलायला हवेत. डावीकडे अडुसष्ट आलं होतं तर पलटल्यावर उजवीकडे अडुसष्टच यायला पाहिजे. आलं होतं एकोणसत्तर. काही जोड्या जुळत होत्या, काही नाही. जिथे जुळत नव्हत्या तिथे तिने पेन्सिलने गोल केला होता. सगळे गोल उजव्या कोपऱ्याभोवती.

"मॅडम," ती हळूच म्हणाली. रागाने नाही, तक्रारही नाही, जणू माझं काही पडलेलं उचलून द्यायला आली होती. "हा उजवा कोन मोजत नाही ना कॉम्प्युटर? बाकीचं उरलं ते लिहून देतो. हो ना?"

मी कोडमध्ये लपवलेली ओळ तिने कोड न बघता वाचली होती. पंधरा वर्षांच्या मुलीने. मी इंजिनिअरिंगची चार वर्षं कॉलेजात काढली, पण असं कधी काही शोधलं नाही. तुम्हीच सांगा, अशा मुलीला काय म्हणायचं असतं?

मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "एवढं डोकं सूत्रं पाठ करण्यात लावलं असतंस तर प्री-बोर्डला एवढे कमी आले नसते."

तिने वही मिटली. "जी मॅडम," म्हणाली आणि गेली. मराठीत बोलत होती ती माझ्याशी, तोपर्यंत.

हेही शेवटचं नाही. अजून मी तिथे पोचलेले नाही, बघा ना, किती लांबवते आहे.

दहावीच्या शेवटी पालकांना बोलवतात. अकरावीला कुणी काय घ्यायचं — गणित, बायो, कॉमर्स, आर्ट्स — हे विषय शिकवणाऱ्या शिक्षकाला विचारून ठरतं. आमच्याकडे रीतच तशी आहे. मुलीच्या मनात काय आहे त्यापेक्षा मॅडम काय म्हणाल्या याला घरात वजन. शेतावरून दिवस मोडून आईबाप येतात, चपला बाहेर काढून आत बसतात आणि मॅडम म्हणतील ते ऐकून परत जातात. त्यावर पुढे कुणी वाद घालत नाही.

हर्षालीची आई आली. हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी केळीचे वेफर, घरी तळलेले. हर्षाली दाराबाहेर उभी होती.

"मॅडम, आमच्या पोरीले गनित पायजे म्हनते," आई म्हणाल्या. "बाप म्हनतो, गनित लय मोठं काम हाय, पोरगी नापास झाली तं घरी बसल. मी म्हनलं, मॅडमले इचारू. तुमी सांगसान तसं. तिले जमल का?"

जमल का? एवढाच प्रश्न होता. एका शब्दाचं उत्तर. त्या शब्दावर तिची पुढची दोन वर्षं आणि त्यापुढचं सगळं उभं होतं, आणि हे मला माहीत होतं. नंतर कळलं असं नाही. तेव्हाच, त्या खुर्चीवर बसून, माहीत होतं.

अकरावी-बारावीचं गणितही मीच शिकवायचे. म्हणजे ती अजून दोन वर्षं चौथ्या बाकावर खिडकीशी बसणार. मी भिंतीवर लावलेली प्रत्येक गोष्ट मोजणार. आणि एक दिवस ती वर्गात, सगळ्यांसमोर, त्या हळू आवाजात विचारणार — मॅडम, हे खरंच मोजलंय ना?

मी म्हणाले, "काकू, गणित नका देऊ तिला. कच्चं आहे तिचं. लक्ष भटकतं, नको तिथे अडकून बसते. कॉमर्सला टाका, पास तरी होईल."

सलग बोलले. आवाज कापला नाही. तिसऱ्या बाकापलीकडे न जाणारा माझा आवाज त्या दिवशी दाराबाहेरपर्यंत गेला असेल का, हे मला माहीत नाही. मी दाराकडे बघितलं नाही.

आई उठल्या. "बरं झालं सांगलं," म्हणाल्या. वेफरची पिशवी टेबलावर राहिली. ते वेफर स्टाफरूममध्ये सगळ्यांनी खाल्ले, मीही खाल्ले.

पुढच्या आठवड्यात मी तो त्रिकोण दुरुस्त केला. तिन्ही कोन मोजून दाखवले, बेरीज जी येईल ती येऊ दिली, आणि खाली लिहिलं, की आकडे जवळच्या पूर्ण अंशात आहेत, म्हणून बेरीज एखाद्या अंशाने मागेपुढे होऊ शकते. दहा मिनिटं लागली. पुढच्या वर्षीच्या मुलींना तो अंश कुठे जातो हे मी छान समजावलं, चित्र खरंच मोजतं का हे आरशातल्या जोड्यांनी तपासूनही दाखवलं, खूप दाद मिळाली. जिल्ह्याच्या शिक्षकांसमोर हे 'चालतं-बोलतं गणित' दाखवायलाही मला बोलावलं होतं. मी गेले. तिथे कुणीतरी विचारलं, ही आरशातल्या जोड्यांची तपासणी कशी सुचली? मी म्हणाले, वर्गात शिकवता शिकवता.

तिला जाऊन सांगायला किती वेळ लागला असता? अकरावीच्या कॉमर्सचा वर्ग त्याच मजल्यावर होता. पहिल्या महिन्यात विषय बदलूनही मिळतो. ती माझ्यासमोरून रोज जायची. मी त्या महिन्यात मागच्या जिन्याने ये-जा केली.

मला माझाच इतका राग येतो की कधी वाटतं, रागावणं हीसुद्धा एक सोय आहे. राग आला की काही केल्यासारखं वाटतं. मी काहीच केलेलं नाही.

मागच्या महिन्यात बुधवारा बाजारात गेले होते, आईची शिवणयंत्राची बॉबिन घ्यायला. दुकानातून बाहेर पडले तर समोर हर्षाली आणि तिची आई. आईंनीच ओळखलं. मी ओळखलं होतं, पण वळायच्या बेतात होते.

"मॅडम, ओळखलं का? हर्षालीची माय. पोरगी कॉमर्सने बारावी झाली बरं. आता बी.कॉम.चा प्रायव्हेट फारम भरला. अभ्यासात मन नाही तिचं, पुस्तक उघडलं का जांभया देते. पन पास होते. तुमी येळेवर सांगलं म्हनून, नाही तं गनित घेऊन बसली असती अन् साल वाया गेलं असतं. आमी घरी नेहमी म्हनतो, त्या मॅडमनं खरं सांगलं."

हर्षाली शेजारी उभी होती. उंच झाली आहे. माझ्याकडे बघत होती, सरळ, न हलता. त्या नजरेत काय होतं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही, कारण मी पुरतं बघितलंच नाही.

"उभी काय राहिली? पाया पड मॅडमच्या," आई म्हणाल्या.

ती तिथेच रस्त्यावर वाकली. दोन्ही हात माझ्या पायांना लावले, मग कपाळाला.

मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खूश राहा."